टाकीवरचा तारा

मामांना नायगारा बघायचा नव्हता. "पाणीच ना? कोयनेचे सहाच्या सहा दरवाजे उघडलेले बघितलेत मी," म्हणाले. न्यूयॉर्क नको, डिस्ने तर नकोच. मग काय बघायचं, तर जुने पेट्रोल पंप.

बायकोने माझ्याकडे बघितलं. आमच्या तळघरात पेट्रोल कंपन्यांच्या अकरा इनॅमल पाट्या आणि एक न पेटणारं निऑनचं घड्याळ आहे. ती त्या सगळ्याला 'तुझा पंप' म्हणते. हे दुखणं आजोळकडून आलंय हे तिला त्या दिवशी कळलं.

आजोबांचा कराडजवळ, पुणे-बंगळूर रस्त्याला कॅलटेक्सचा पंप होता. मामा शाळेतून आले की गाड्यांच्या काचा पुसायचे. 1976 च्या अखेरीस सरकारने कॅलटेक्सचा भारतातला धंदा ताब्यात घेतला, पुढे तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेला आणि खांबावरची पांढऱ्या वर्तुळातल्या तांबड्या ताऱ्याची पाटी खाली उतरली. आजोबांनी ती भंगारात घातली नाही. मळ्यातल्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, त्यावर ठेवली. लहानपणी मे महिन्यात आम्ही त्यावर बसायला जायचो आणि चटका बसून उठायचो.

कॅलटेक्स म्हणजे कॅलिफोर्निया आणि टेक्सास. टेक्साको आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या दोन कंपन्यांनी 1936 साली मिळून काढलेली. म्हणजे आमच्या टाकीवरचा तारा हा टेक्साकोच्या ताऱ्याचा चुलतभाऊ. माझ्या संग्रहात टेक्साको नव्हता. तो शोधायचा, घड्याळ दुरुस्त करायचं आणि जमेल तितका रूट 66 बघायचा, एवढं ठरवून सप्टेंबरात आम्ही दोघं निघालो. शिकागो ते लॉस एंजेलिस हा 2,448 मैलांचा रस्ता 11 नोव्हेंबर 1926 रोजी सरकारी कागदावर आला आणि 1985 साली कागदावरून गेला. अख्खा करायला माझ्याकडे रजा नव्हती.

पहिला दिवस : नेपरव्हिल ते स्प्रिंगफील्ड

तासाभरात ड्वाइट. इथला टेक्साकोचा पंप 1933 सालचा, आणि 1999 पर्यंत तिथे पेट्रोल मिळत होतं. आता गावाचं स्वागत केंद्र आहे. मामा गाडीतून उतरले ते पंपाकडे न जाता उलटे रस्त्यापलीकडे गेले. तिथून बघत उभे राहिले. मग कळलं, येणाऱ्या गाडीवाल्याला पाटी किती लांबून दिसते ते बघत होते. "पंप झाडाआड असला तर धंदा गेला. आबांनी दोन बाभळी तोडल्या होत्या त्यापायी."

पंप बघून मात्र ते गोंधळले. कौलारू उतरतं छप्पर, खिडक्या, पुढे ओसरीसारखा मंडप. हे तर घर! पुढच्या ओडेल गावात 1932 सालचा स्टँडर्ड ऑइलचा पंप आहे, तोही तसाच. त्या काळी कंपन्या मुद्दाम असे बंगलीवजा पंप बांधत. वस्तीत पंप आला तर शेजारी कुरकुरणार. मग घरासारखाच बांधा, म्हणजे डोळ्यांना खुपणार नाही. आणि हे एकदा केलं की तो पंप आहे हे ओळखायला उरते फक्त पाटी. म्हणून पाट्या मोठ्या, म्हणून रंग झगझगीत. पुणेरी पाटीत आणि या पाटीत फरक एवढाच की ही गिऱ्हाइकाला बोलावते.

ओडेलला एकेकाळी रहदारी इतकी होती की रस्ता ओलांडायला जमिनीखालून वाट काढावी लागली. आम्ही होतो त्या अर्ध्या तासात एक ट्रॅक्टर गेला.

पाँटियाकच्या जुन्या अग्निशमन केंद्रातलं रूट 66 चं संग्रहालय बघितलं. मामांनी तिथून फ्रिजवर लावायचं लोहचुंबक घेतलं. मामींसाठी असेल असं मला वाटलं.

दुसरा दिवस : स्प्रिंगफील्ड ते क्यूबा

दिवसभर पाऊस. माउंट ऑलिव्हचा 1926 सालचा शेलचा पंप वायपरच्या फटीतून बघितला. मामांना शेलचा शिंपला बघून बर्मा शेल आठवलं, आणि बर्मा शेलवाल्याची आबांशी असलेली खुन्नस सेंट लुईसपर्यंत पुरली. मिसिसिपी ओलांडताना म्हणाले, "कृष्णेपेक्षा मोठी आहे, पण गढूळ."

क्यूबा हे मिझुरीतलं गाव. तिथल्या वॅगन व्हील मोटेलमध्ये दगडी खोल्या आहेत आणि रस्त्याला निऑनची पाटी. रात्री पाऊस थांबला तेव्हा खुर्च्या बाहेर टाकून बसलो. ओल्या डांबरावर ती पाटी उलटी पडली होती. मामांना निऑनचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. बारीक गुणगुण असते, डास कानाशी आल्यासारखी. "खराब झालंय काय?" नाही, ट्रान्सफॉर्मर असाच बोलतो.

तिसरा दिवस : क्यूबा ते कार्थेज

आजचा दिवस बाजाराचा. मिझुरीतल्या एका गावाबाहेर मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या वस्तूंचे शंभरेक गाळे आहेत. पुण्याचा जुना बाजार छपराखाली आणून प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी बांधली तर जसा दिसेल तसा. तेलाचे डबे, पंपांवरचे काचेचे गोळे, टेक्साकोच्या स्वच्छतागृहाची हिरवी-पांढरी पाटी. 1938 साली टेक्साकोने 'रजिस्टर्ड रेस्ट रूम' अशी मोहीमच काढली होती. आमच्याकडे स्वच्छ संडास आहे हे सांगून पेट्रोल विकायचं. मामांनी ती पाटी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, ही आपल्या हायवेला लावली तर खोटं बोलल्याचा गुन्हा दाखल होईल.

तिसऱ्या गाळ्यात तारा होता. गोल पाटी, अडीच फूट, तांबडा तारा, मधे हिरवा टी. चार ठिकाणी टवके, भोकांभोवती गंज. मालक म्हणाला, कुणाच्या तरी गोठ्यातून थेट इथे आलीय. किंमत साडेआठशे डॉलर. माझा हात खिशाकडे गेलाच होता.

आधी ही पाटी म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे 'पोर्सेलिन' म्हणतात, पण चिनी मातीशी तिचा संबंध नाही. जाड लोखंडी पत्रा, त्यावर काचेची पूड, आणि 800 अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टी. काच वितळून पत्र्याला धरते. आधी गडद निळा किंवा काळपट अस्तराचा थर, मग पांढरा, मग एकेक रंग. आणि प्रत्येक रंगासाठी पाटी पुन्हा भट्टीत. आपल्याकडे दवाखान्यातल्या ट्रेला आणि जुन्या रेल्वे स्टेशनच्या नावाला असायचं तेच इनॅमल. उन्हाने रंग उडत नाही, कारण तो रंग नसून काच असते. तिचा शत्रू एकच, दगड. टवका उडाला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि तिथून गंज सुरू होतो. या देशातल्या बऱ्याच पाट्या दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून वितळल्या, उरलेल्यांतल्या कित्येक पोरांनी बंदुकीच्या छऱ्यांनी फोडल्या.

रंग वेगवेगळे भाजलेले असल्यामुळे जिथे तांबडा संपून पांढरा सुरू होतो तिथे बारीक पायरी असते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. मी नख फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. ताऱ्याच्या टोकापासून पार कडेपर्यंत नख कुठेच अडखळलं नाही.

मामांनी खिशातून ते पाँटियाकचं लोहचुंबक काढलं आणि पाटीला लावलं. चिकटलं. "लोखंड आहे की," म्हणाले. लोखंड होतं, पण गंज केशरी होता आणि बोटाला लागत होता. खरा जुना गंज काळपट, घट्ट, पत्र्याचाच झालेला असतो. चारही टवके एकाच मापाचे, कुणीतरी हातोडीच्या एकाच टोकाने पाडलेले. आणि टवक्यात पांढऱ्याखाली अस्तराचा निळा थर नाही, थेट पत्रा.

आम्ही पाटी परत ठेवली. समोरच्या गाळ्यातला म्हातारा हे सगळं बघत होता. टोपी सारखी करत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बरं केलंत. असल्या पाट्या हल्ली भारतातून येतात. पेटीच्या पेटी." मग आमच्याकडे नीट बघून त्याचे कान लाल झाले.

मी मामांना मराठीत सांगितलं. मामा इतके हसले की त्यांना खोकला आला. "म्हणजे आबांच्या मळ्यातली खरी, आणि इथली आपल्याकडची!"

मला हसू आलं नाही. या छंदात 'इंडियाचा माल' हा शब्दप्रयोग मी आठ वर्षं ऐकतोय. कोणी माझ्याकडे बघून तो गिळतो, कोणी गिळत नाही. आपल्याकडचा कारागीर हुबेहूब पाटी करतो यात गैर काही नाही. नवी म्हणून विकली तर चांगली भेटवस्तू आहे. टवके पाडणारी हातोडी आणि गंज चढवणारं आम्ल कुठे लागतं कोण जाणे, पण साडेआठशेची चिठ्ठी याच शेडमध्ये लागते. शिव्या मात्र पाटी करणाऱ्याला.

म्हाताऱ्याच्या गाळ्यात, काउंटरमागे, एक टेक्साकोची 'फायर चीफ' पाटी होती. ही खांबावरची नव्हे, पंपाच्या छातीवर लावायची. 12 बाय 18 इंच. फायर चीफ हे टेक्साकोचं 1932 पासूनचं पेट्रोल. पाटीवर आगीच्या बंबवाल्याची तांबडी टोपी आणि वर छोटा तारा. खालच्या काठाला बारीक अक्षरांत '3-10-47'. टेक्साको आपल्या पाट्यांवर तारीख घालत असे, हा संग्राहकांवर केलेला उपकारच. (खोट्या पाटीवरही तारीख घालता येते म्हणा.) मी काही बोलायच्या आत मामांनी नख लावलं, डोळे मिटून. टोपीच्या कडेवरून हळूहळू नेलं आणि थांबले. "हाय," म्हणाले. "पायरी हाय."

सांगितलेली किंमत 375. मामांनी मनात रुपये केले आणि त्यांचा चेहरा पडला. मग घासाघीस त्यांनीच केली, एक शब्द इंग्रजी न बोलता. पाटी उलटी करायची, मागचा गंज दाखवायचा, मान हलवायची, परत ठेवायची, दाराकडे चालू लागायचं. म्हातारा त्यांना 300 ला परत बोलावून गेला. मला वाटतं तो कानांची भरपाई करत होता.

दुपारी पॅरिस स्प्रिंग्जला गे पॅरिटाचा सिंक्लेअर पंप बघितला. मूळ पंप 1930 चा, मालकाच्या बायकोचं नाव गे म्हणून हे नाव. तो 1955 साली जळाला. आता आहे तो पुन्हा उभा केलेला, आणि तसं सरळ सांगतात. मामांना तो ड्वाइटपेक्षा आवडला. मला जरा जास्तच सजवलेला वाटला. इतक्या पाट्या एका भिंतीवर कुठल्याच पंपाने लावल्या नसतील. हे मी म्हणतोय, तळघरात अकरा असलेला.

रात्री कार्थेजला बूट्स कोर्ट या 1939 च्या मोटेलमध्ये. गोल कोपरे, आणि छपराच्या कडेने हिरव्या निऑनची रेघ. मामांनी न्हाणीघरात फायर चीफ साबणाने धुतली, मोटेलच्या पांढऱ्या टॉवेलने पुसली. टॉवेलचे पैसे भरावे लागले.

चौथा दिवस : कार्थेज ते टल्सा

कॅन्ससमध्ये रूट 66 फक्त तेरा मैल आहे, चहा थंड व्हायच्या आत संपतो. ओक्लाहोमात शिरल्यावर कॉमर्स गावात कोनोकोचा एक चिमुकला पंप आहे, शेजारच्या इमारतीच्या भिंतीत कोनाड्यासारखा बसवलेला. 1929 चा. मामा म्हणाले, यात आबा मावले नसते.

टल्सा हे सायरस एव्हरीचं गाव. रूट 66 चा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो हा. शहर अजून निऑनच्या बाबतीत हौशी आहे. रूट 66 वर नवी निऑन पाटी लावणाऱ्या दुकानदाराला अनुदान देतं. मेडो गोल्ड या दुधाच्या कंपनीची 1940 च्या दशकातली भलीमोठी पाटी जुन्या इमारतीवरून उतरवून, दुरुस्त करून 2009 साली पुन्हा पेटवली. 2026 साली रस्त्याची शंभरी, त्यामुळे जिथे बघावं तिथे शिडी लागलेली.

माझं घड्याळ घेऊन आम्ही एका निऑनवाल्या बाईंच्या कारखान्यात गेलो. आधी फोन करून ठेवला होता. पन्नाशीच्या असतील, भाजल्याचे जुने डाग दोन्ही हातांवर. हातमोजे नाहीत, मोजे घातले तर काच केव्हा मऊ झाली ते कळत नाही म्हणाल्या.

त्यांनी एक अक्षर वळवून दाखवलं. चार फुटी काचेची नळी, एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि त्या रबरी नळीचं टोक बाईंच्या दातांत. नळी ज्योतीवर गोल गोल फिरवत राहायची. मधला भाग लोंबायला लागला की ज्योतीतून काढून कागदावरच्या नकाशावर ठेवायची आणि त्याच क्षणी बारीकशी फुंकर. फुंकर नाही मारली तर वळणावर नळी चपटी होते, जास्त मारली तर फुगते. हे सगळं काच कडक व्हायच्या आत, म्हणजे काही सेकंदांत. नकाशावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, कारण वळवणारा पाटीच्या मागच्या बाजूने काम करतो. मामा म्हणाले, आपली बांगडीवाली कासारीण आणि बासरीवाला एकाच अंगात.

मग नळीला इलेक्ट्रोड जोडायचे, जबरदस्त वीज सोडून ती आतून तापवायची, इतकी की वर ठेवलेला कागद करपतो. त्याने आतली घाण सुटते. ती पंपाने ओढून काढायची, निर्वात करायची, आणि मग चिमूटभर वायू. निऑनचा स्वतःचा रंग एकच, केशरीकडे झुकणारा लाल. निळा हवा असेल तर निऑन नसतोच. आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो. बाकीचे रंग नळीला आतून लावलेल्या पुडीचे. म्हणजे आपण निऑन निऑन म्हणतो त्यातलं अर्धं निऑन नव्हेच. पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोदने 1910 साली मोटारींच्या प्रदर्शनात या नळ्या पहिल्यांदा पेटवून दाखवल्या, तेव्हापासून रीत फारशी बदललेली नाही.

माझ्या घड्याळाची नळी गेली, असं मी आठ वर्षं धरून चाललो होतो. बाईंनी हातातल्या स्पार्क टेस्टरचं टोक नळीला नुसतं टेकवलं आणि अख्खं वर्तुळ केशरी पेटलं. वायू आतच होता, सत्तरेक वर्षं. मेला होता तो ट्रान्सफॉर्मर. "नळी फुटली नाही तर ती सहसा मरत नाही," म्हणाल्या. "लोक नळी बदलून घेतात आणि चांगली टाकून देतात." नवा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या दिवशी सकाळी बसवून दिला.

पाचवा दिवस : टल्सा ते शॅमरॉक

लांबचा पल्ला, सपाट मुलूख, वारा. चँडलरला फिलिप्स 66 चा विटांचा पंप बघून पुढे. जुना रस्ता सोडून पुष्कळसा नवा हायवे घेतला, त्याबद्दल मामांनी मला बोलून दाखवलं.

वाटेत पेट्रोल भरताना डिकी उघडली आणि फायर चीफ सरकून खाली पडली. सिमेंटवर. मी चादरीत गुंडाळली होती, पण घड्याळ परत ठेवताना चादर घड्याळाला दिली होती. खालचा उजवा कोपरा, मामांच्या नखाएवढा टवका. 1947 पासून तो कोपरा शाबूत होता.

मामा काही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसून उडालेला तुकडा शोधला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला, मग माझ्यापुढे केला. कडेला थर दिसत होते: वर लाल, मग पांढरा, मग निळाकाळा. पाटीच्या कोपऱ्यावर राखाडी चकचकीत लोखंड, एक डागही नाही. तुकडा त्यांनी कागदी रुमालात गुंडाळून पाकिटात ठेवला, पाच डॉलरच्या नोटेशेजारी.

शॅमरॉक हे टेक्सासमधलं गाव. तिथला टॉवर स्टेशन आणि यू-ड्रॉप इन हा 1936 सालचा कोनोकोचा पंप आणि खानावळ. मूळ आराखडा कुणीतरी खिळ्याने धुळीत काढून दाखवला होता, असं सांगतात. मनोरा, टोकावर ट्यूलिपची कळी, आणि अंधार पडला की कडाकडांनी हिरवं आणि लाल निऑन. मी फोटो खूप बघितले होते, तरी गप्प झालो. इथे निऑन पाटीवर नाही, इमारतच पाटी आहे. आता पेट्रोल मिळत नाही. मागच्या अंगणात टेस्लाचे चार्जर आहेत, त्यांवर मात्र एकही दिवा शोभेचा नाही.

सहावा दिवस : शॅमरॉक ते टुकमकॅरी

अमरिलोजवळ शेतात नाकावर गाडलेल्या दहा कॅडिलॅक बघितल्या. मामांना शेतकऱ्याबद्दल काळजी वाटली. एड्रियनला रस्त्याचा मध्य, दोन्हीकडे सारखेच मैल. तिथे पाय खाली न ठेवता पुढे.

न्यू मेक्सिकोतल्या टुकमकॅरीला ब्लू स्वॅलो मोटेल आहे, 1939 सालचं, प्रत्येक खोलीला लागून गाडीचं गॅरेज. इथेच थांबून परत फिरायचं होतं. सूर्य गेला आणि पाटीवरचा निळा पक्षी पेटला. "आर्गॉन," मामा म्हणाले, "आणि पारा." शेजारच्या खोलीतल्या जर्मन जोडप्याला त्यांनी बोटाने दाखवून तेच पुन्हा सांगितलं.

फायर चीफ त्यांच्या बॅगेत, स्वेटरांमध्ये गेली होती. तिच्याकडे एकदा बघून आले आणि फोन काढला. कराडला सकाळचे सात वाजत आले होते. मामेभाऊ मळ्यातच होता.

"टाकीचं झाकण काढ. आरं, पाटी! ती काढ आणि दुसरं काहीतरी ठेव. पाण्यात पाडू नको. आणि दगडानं घासू नको."

पाच मिनिटांनी फोटो आला. शेवाळ, कबुतरांची घाण, आणि त्याखाली कळत नकळत तांबडं. मामांनी फोटो मोठा केला आणि ताऱ्याच्या कडेवरून, फोनच्या काचेवर, नख फिरवलं. मग स्वतःच हसले.

"भोकांना पितळी कड्या आहेत का बघ," फोनमध्ये म्हणाले.

पलीकडून बराच वेळ म्हैस ओरडल्याचा आवाज येत राहिला. मग मामेभाऊ म्हणाला, "काहीतरी आहे गोल. काळं पडलंय. चिंच लावून बघतो."